टेबलावरचं पाणी

मराठी माणूस परदेशी निघाला की घरात सगळ्यात आधी चर्चा रंगते ती व्हिसाची नाही, जेवणाची. तिकडं खायचं काय? मग कपड्यांच्या घड्यांमध्ये चकल्या जातात, मेतकुटाची पुडी जाते, लोणचं तीन-तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून जातं. आणि बॅग काट्यावर जास्त भरली की आधी स्वेटर बाहेर येतो, लोणचं नाही. आपले टूरवाले हे पक्कं ओळखून आहेत. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ साली 'केसरी' सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाला सहलीची जाहिरात वाचताना डोंगराच्या फोटोइतकीच जेवणाची ओळ महत्त्वाची वाटत आली आहे.

आपण ह्यावर हसतो. मीही हसतो. पण मला इतिहास वाचायची खोड आहे, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ह्या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो चवीपासून सुरू झालेला नाही. तो सुरू झाला बाटण्यापासून.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगरकडचं नव्हे) जाहीर भाषण करून त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आता त्या काळी हिंदू म्हणून राहणं म्हणजे लोकांच्या लेखी काय? तर बऱ्याच अंशी ताटात काय वाढलंय आणि ते कोणी शिजवलंय, एवढंच. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात कार्पेंटर कुटुंबानं त्यांना मुलीसारखं ठेवून घेतलं. पुढं फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी नेसून आणि शाकाहार सांभाळून ह्या मुलीनं डॉक्टरी पूर्ण केली. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्या आजाराची कारणं अनेक असतील, पण परमुलखात जेवायला बसताना आपण काय खातो ह्यावर अख्खं गाव डोळा ठेवून आहे, हे ओझं त्या पोरीच्या डोक्यावर सतत होतं, हे विसरता येत नाही.

गंमत पाहा, त्यांचेच पती गोपाळराव जोशी पुढं एका चहाच्या कपावरून सगळ्या पुण्याला नाचवणार होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं पुण्यातली बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कोणी घेतली, कोणी नुसतीच समोर ठेवली. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि मग जो काही गोंधळ झाला, तो शंकराचार्यांपर्यंत गेला. शेवटी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसानंसुद्धा प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचा भावी न्यायाधीश, आणि गुन्हा काय, तर चहा!

हे सगळं उच्चवर्णीयांच्या घरातलं भांडण होतं. ज्यांना कोणी चहाला बोलावतच नव्हतं, त्यांचा इतिहास वेगळा. तिकडं येतोच.

आधी थोडं हॉटेलविषयी. आपल्याकडं घराबाहेर जेवण्याची जागा म्हणजे खाणावळ, जुन्या लोकांच्या तोंडी विशी. ठरलेल्या वेळी जायचं, पंगतीत बसायचं, वाढतील ते जेवायचं आणि महिन्याला पैसे द्यायचे. मुंबईत गिरण्या वाढल्या, बायकामुलं गावी ठेवून पुरुष आले आणि खाणावळी वाढल्या. त्यासुद्धा बहुतेक जातवार, गाववार. एकत्र कुटुंबानं मजेनं जेवायला जायची ती जागाच नव्हती. इराणी आला आणि त्यानं संगमरवरी टेबल मांडून कोणीही या, चहा-पाव खा, पैसे ठेवा नि चला, असा कारभार सुरू केला. बायकामुलं घेऊन आलात तर आत पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असायची. माझ्या पिढीच्या अनेकांनी पहिली ऑम्लेट त्या पडद्याआड खाल्ली आहेत.

मग स्वतंत्र टेबल, छापील यादी, यादीसमोर किंमत, आणि आपल्याला हवं तेव्हा येऊन हवं ते मागायचं, ही कल्पना कुठली? ही पॅरिसची. १७६० च्या दशकात तिथं 'रेस्टॉरंट' हे जागेचं नाव नव्हतं, ते एका पदार्थाचं नाव होतं. मांस तासन् तास उकळून काढलेलं, आजाऱ्याला ताकद आणणारं सूप म्हणजे रेस्टॉरंट. नाजूक प्रकृतीचे लोक हे सूप प्यायला येणार, त्यांना गर्दीच्या लांब टेबलावर ठरलेल्या वेळी बसवून कसं चालेल? म्हणून छोटी टेबलं आली, वेळेचं बंधन गेलं, आणि ज्यानं जे घेतलं त्याचेच पैसे, अशी पद्धत पडली. सूप मागं पडलं आणि त्याचं नाव जागेला चिकटलं. आज गंजाडजवळच्या चारोटी नाक्यावर पाटीवर 'रेस्टॉरंट' लिहिणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही, पण शब्द तिथूनच चालत आला आहे.

त्या पॅरिसमध्ये दोन वर्षांपूर्वी मी सहकुटुंब जेवलो. मुलगी शिकायला तिकडं होती, म्हणून आम्ही गेलो. मी, बायको आणि माझी आई. आई गंजाडची. पाड्याबाहेर तिचं जग म्हणजे डहाणूचा बाजार, विवळवेढ्याची महालक्ष्मी आणि फार तर पालघरचा दवाखाना. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी कोणालाच माहीत नाही. पासपोर्टवरही तीच उतरली. आम्ही वारली. हे इथं सांगणं भाग आहे, पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

दुपारी एकचा सुमार. मुलीनं गल्लीतलं एक साधंसं हॉटेल निवडलं होतं. बाहेर फळ्यावर खडूनं त्या दिवशीचं जेवण लिहिलेलं, रस्त्यावरच मांडलेली टेबलं, शेजारी एक आजोबा एकटेच पेपर वाचत जेवत होते. आईला खुर्चीत बसायला जरा वेळ लागला. तिनं आधी चप्पल काढायची का, ते विचारलं. मग बसली.

वेटर आला. त्यानं काही विचारायच्या आधी पाण्यानं भरलेली काचेची सुरई आणि पावाची टोपली टेबलावर ठेवली आणि गेला. आईनं मुलीला विचारलं, "आपण तर अजून काही मागितलंच नाही. ह्याचे किती घेणार?" मुलगी म्हणाली, "आजी, काही नाही घेणार. पाणी फुकट असतं इथं." तिकडं नळाचं पाणी विनामूल्य द्यायची रीत जुनीच आहे. आता २०२० च्या कायद्यानं ते मिळतं हे गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहिणंही बंधनकारक केलंय. मला ह्यात विशेष वाटायचं काही नव्हतं. आपल्याकडंही पोऱ्या बोटं बुडवलेले चार ग्लास आधी आदळतो आणि मग "काय देऊ?" विचारतो. पण आईनं तो ग्लास दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायला आणि मग सुरईतून स्वतःच दुसरा भरून घेतला.

जेवण दोन तास चाललं. तिनं मासे मागितले. सोललेला, काटे काढलेला तुकडा आला, तेव्हा डोकं कुठं गेलं, अशी चौकशी झाली. भात कमी पडला. ताटं उचलायला ती दोनदा उठू लागली, दोनदा नातीनं बसवलं. शेजारच्या आजोबांनी जाताना मान लवून काहीतरी म्हटलं, तर आईनंही मराठीत "बरं बरं, या," म्हणून त्यांना वाटेला लावलं. बिल आलं ते मुलीनं मला बघू दिलं नाही, ते बरंच झालं. असं काही घडलं नाही की ज्याची गोष्ट व्हावी. चार माणसं निवांत जेवली, इतकंच.

पण त्या पाण्यानं माझ्या डोक्यात जी वाट धरली, ती सरळ १९०१ सालात गेली.

त्या वर्षी उन्हाळ्यात साताऱ्याहून काही लहान मुलं आपल्या वडिलांकडं निघाली होती. वडील गोरेगावला नोकरीला होते. मुलांत एक होता भीमराव, वय नऊ-दहा. नवीन कपडे, जरीच्या टोप्या, पहिला आगगाडीचा प्रवास, बरोबर घरून बांधून दिलेला डबा. सुट्टीतली सहलच ती. मसूर स्टेशनवर उतरले, तर घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरनं प्रेमानं चौकशी केली आणि मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहराच बदलला. गाडीवाला मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार, ह्या बोलीवर. रस्त्यात डबा उघडला. अन्न भरपूर होतं, भूकही होती. पाणी नव्हतं. जवळ होतं ते शेणानं, मुतानं गढूळ झालेलं डबकं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. घास गिळायला पाणी नाही म्हणून भरल्या डब्याशेजारी मुलं उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी ही आठवण पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या छोट्या लिखाणात लिहून ठेवली. त्यातच १९१७ ची हकीकत आहे. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून लंडनला गेले. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे विसरूनच गेलो होतो, असं ते लिहितात. परत येऊन बडोद्याच्या स्टेशनवर उतरले आणि पहिला प्रश्न उभा राहिला: राहायचं कुठं, जेवायचं कुठं? तिथल्या हिंदूंच्या हॉटेलांना ते 'विशी' हाच शब्द वापरतात. तिथं घेणार नाहीत हे माहीत होतं. म्हणून एका पारशी मुक्कामखान्यात पारशी नावानं उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हातात कोलंबियाची पदवी असलेला माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला.

आनंदीबाईंना परदेशात घास घेताना भीती होती की घरचे आपल्याला टाकतील. बाबासाहेबांना परदेशातच निवांत घास मिळाला आणि घरी तो मिळेना. दोन्ही प्रवास एकाच देशातून निघालेले आहेत.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेत एक वाक्य आहे, जे मला पॅरिसच्या त्या टेबलावर बसून आठवत होतं. कलम १५, पोटकलम २. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्यावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते इथं मज्जाव करता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात 'उपाहारगृह' हा शब्द लिहावा लागला, ह्यावर जरा थांबून विचार करा. मसूरच्या वाटेवर तहानलेला तो मुलगा पुढं मसुदा समितीचा अध्यक्ष झाला होता.

आता आमच्या गंजाडकडं येतो. वारल्यांना कोणी अस्पृश्य म्हटलं नाही. आमचं दुखणं दुसरं होतं. आमच्याकडून जमिनी गेल्या आणि आम्ही आपल्याच रानात सावकार-जमीनदारांचे वेठबिगार झालो. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं मालकाची. त्याला 'लग्नगडी' म्हणत. ह्या मुलखात गोदावरी आणि शामराव परुळेकर आले, झोपड्यांतून राहिले, जे मिळेल ते खाल्लं. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात परिषद झाली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिलं आहे. साहित्य अकादमीचं पारितोषिक त्याला मिळालं.

आईचा जन्म त्याच्या आसपासचा. म्हणजे वेठ मोडली त्यानंतर ती मोठी झाली. पण कायदा मोडला म्हणून सवय मोडत नाही. ती एका वाडीवर कामाला जायची. नाव सांगत नाही, आता ती माणसंही राहिली नाहीत. दुपारची सुट्टी झाली की झाडाखाली पानावर भाकर, मीठ, मिरची. पाणी हवं असेल तर ओट्याखाली उभं राहून ओंजळ धरायची. वरून कोणीतरी तांब्यानं ओतणार. कोणी रागावायचं नाही, शिवी नाही, काही नाही. फक्त तांब्या हातात द्यायचा नाही. हे तिनं आम्हाला कधी तक्रार म्हणून सांगितलेलं नाही. पाऊस कसा पडायचा हे सांगावं, तसं सांगितलं. लग्नानंतर वडिलांनी तिला महालक्ष्मीच्या जत्रेत पालातल्या हॉटेलात नेलं, बाकावर बसवून भजी खायला दिली. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं हॉटेल.

आता ह्या इतिहासातला जरा चमत्कारिक भाग. गंजाडचं नाव जगाला कळलं ते जिव्या सोमा म्हसे ह्यांच्यामुळं. लग्नघरात बायकांनी तांदळाच्या पिठानं काढायचा चौक त्यांनी कागदावर-कापडावर आणला. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी त्यांची चित्रं मुंबईला पोचवली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री. १९८९ साली पॅरिसमध्ये जगभरच्या कलावंतांचं एक गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात ह्या गंजाडच्या माणसाची चित्रं होती. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

म्हणजे आमचं चित्र आमच्या आधी पॅरिसला पोचलं होतं. इथंही तेच झालं. हायवेच्या हॉटेलांच्या भिंती पाहा. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, भात लावणाऱ्या बायका, ताडाच्या झाडावर चढलेला माणूस. गिऱ्हाइकाला ते आवडतं, 'एथ्निक' वाटतं. आणि त्याच भिंतीला पाठ लावून त्या चित्रातला माणूस आत बसून जेवू लागला, ही गोष्ट माझ्या डोळ्यादेखत घडलेली आहे, फार जुनी नाही. चित्र आधी आत गेलं, माणूस मागून.

आता आमच्या पाड्यातली पोरं रविवारी मोटारसायकलवर चारोटीला जातात. चायनीज मागवतात, मोठ्यानं हसतात, मोबाईल चार्जिंगला लावतात, तास-तास उठत नाहीत. त्यांच्यातल्या कोणालाही कलम १५ विचारा, सांगता येणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी पिताना विहीर कोणी खणली हे कोण विचारतो? पण दिवाळी झाली की ह्याच पाड्यातली निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात, आणि तिथं दुपारी बायकामुलं विटांच्या सावलीत बसून भाकरी खातात, ते अजून थांबलेलं नाही. त्यांच्यासाठी पाण्याचा पिंप भरून ठेवलाय का, हे बघायला कोण जातं, ते मात्र विचारायला हवं.